अक्षरकार्डांची घरगुती छपाई आणि जाड कागदाची निवड

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात आले. घरी मराठी बोलणारे आणि शाळेत मराठीबरोबर कन्नडही शिकणारे मूल हे या सीमाभागातील वर्गाचे परिचित चित्र होय. अशा मुलास दोन लिप्या थोड्याफार अंतराने आत्मसात कराव्या लागतात. त्या कामी हातात घेता येतील, जुळवता येतील, जमिनीवर मांडता येतील अशी अक्षरकार्डे फार उपयोगी पडतात. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेल्या नली-कली पद्धतीने तर कार्ड हेच अध्यापनाचे मुख्य साधन मानले.

आता पुष्कळ शिक्षकांच्या घरी वा शाळेत लहान छपाईयंत्र असते व ही कार्डे तेथेच छापली जातात. परंतु साध्या कागदावर उत्तम छापणारे यंत्र कार्डशीट घातली की बिघडल्यासारखे वागू लागते. कागद अडकतो, तिरपा जातो, अक्षरे पसरतात किंवा बोट फिरवताच निघून येतात. वस्तुतः बहुतेक वेळा यंत्रात काही दोष नसतो. घरगुती यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांना आत आलेला कागद जाड की पातळ हे आपणहून ओळखता येत नाही. त्यांना जे सांगितले जाते त्यावर ती विश्वास ठेवतात, आणि कोणी काही सांगितले नाही तर साधा कागद आहे असे गृहीत धरतात.

प्रश्न केवळ सुबकपणाचा नाही. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांतील भेद एखाद्या लहानशा रेघेवर किंवा शिरोरेषेतील फटीवर अवलंबून असतो. कन्नड लिपीतही द आणि ध यांना वेगळे करणारी खूण म्हणजे अक्षराच्या तळाशी असलेली एक बारीक रेघ असते. शाई पसरून फट बुजली किंवा टोनरचा कण गळून अनुस्वार नाहीसा झाला, तर मोठा माणूस संदर्भाने वाचून घेतो. अक्षर प्रथमच पाहणाऱ्या मुलापुढे मात्र दुसरेच अक्षर येते, आणि ते मूल तेच घोकत राहते.

सबब प्रथम कागद ओळखावा. कागदाची जाडी व्यवहारात जीएसएम या मापाने सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन असा त्याचा अर्थ आहे. झेरॉक्ससाठी वापरला जाणारा कागद सामान्यतः ७० ते ८० जीएसएमचा असतो, तर कार्डशीट म्हणून विकला जाणारा कागद १६० पासून ३०० पर्यंत कितीही असू शकतो. दुकानात सुटा मिळणाऱ्या कागदावर हा आकडा बहुधा नसतो. तो शोधण्याची सोपी युक्ती आहे. ए-४ मापाचे सोळा कागद मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतात. म्हणून तसे सोळा कागद किराणा दुकानातील काट्यावर ठेवले असता जितके ग्रॅम भरतील तितका त्यांचा जीएसएम समजावा. सोळा कागद २०० ग्रॅम भरले तर कागद २०० जीएसएमचा. आठच कागद असतील तर वजनाची दुप्पट करावी. ही तपासणी खरेदीपूर्वी दुकानातच करणे इष्ट, कारण अनेक घरगुती लेझर यंत्रांची कमाल मर्यादा १६३ ग्रॅमचीच असते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ती दिलेली असते. त्याहून जाड कागद जबरदस्तीने घातल्यास रबरी रूळ झिजतात, आणि रूळ बदलण्याचा खर्च कार्डांच्या खर्चाहून कितीतरी अधिक येतो.

लेझर यंत्रातील टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लास्टिकसारखी बारीक पूड होय. ती कागदावर मांडली जाते व नंतर तापलेल्या रुळाखाली वितळून तंतूंत रुतते. जाड कागद अधिक उष्णता शोषून घेतो. तो साध्या कागदाच्या वेगाने रुळाखालून गेला तर पुरेसा तापत नाही व पूड नुसतीच वर बसून राहते. म्हणून संगणकावरील छपाईच्या चौकटीत ‘पेपर टाइप’ या ठिकाणी ‘थिक’, ‘हेवी’ किंवा ‘कार्डस्टॉक’ यांपैकी वजनाशी जुळणारा पर्याय निवडावा. तेव्हा यंत्र कागद संथ गतीने नेते किंवा उष्णता वाढवते. पहिले कार्ड निघाल्यावर ते निवू द्यावे, मग अक्षरावरून बोट घट्ट घासावे आणि अक्षराच्या मध्यातून घडी घालून पाहावी. पूड निघाली तर त्याहून एक पायरी जाड पर्याय निवडावा. काम संपल्यावर पर्याय पुन्हा साध्या कागदावर आणण्यास विसरू नये, अन्यथा पुढचे हजेरीपत्रक वेटोळे होऊन बाहेर पडेल. आणखी एक इशारा येथेच दिलेला बरा. इंकजेटसाठी केलेला चकचकीत लेपाचा कागद, तसेच लग्नपत्रिकांचा चमकी किंवा प्लास्टिकचा मुलामा असलेला कागद लेझर यंत्रात कदापि घालू नये. तो मुलामा आतच वितळून रुळाला चिकटतो.

इंकजेट यंत्राची गोष्ट निराळी आहे. तेथे उष्णतेचा प्रश्न नसून शाई किती सोडावी हा प्रश्न असतो. जाड कागद म्हणून ‘फोटो’ किंवा ‘ग्लॉसी’ हा पर्याय निवडण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु त्या पर्यायात यंत्र लेपाच्या कागदासाठी योग्य इतकी शाई सोडते, आणि लेप नसलेली कार्डशीट ती टिपकागदासारखी शोषून घेते. ष मधील पोकळी भरून जाते ती अशी. लेप नसलेल्या पांढऱ्या कार्डशीटसाठी ‘मॅट’ हा पर्याय बहुधा सर्वांत जवळचा ठरतो. तरीही अक्षरे पसरत असतील तर ‘प्लेन’ ठेवून छपाईचा दर्जा एक पायरी वर न्यावा व दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहावेत. या कामी घ, ध, भ, म, प, ष आणि अनुस्वारयुक्त एखादा शब्द असा स्वतंत्र नमुना तयार ठेवणे श्रेयस्कर.

कागदाचा मार्गही महत्त्वाचा आहे. खालच्या खणातून निघालेला कागद आत जवळजवळ उलटा वळून बाहेर येतो. कार्डशीटला असे वळण सोसत नाही. ज्या यंत्रास मागील बाजूने किंवा हाताने एकेक कागद देण्याची सोय असेल, तेथे तीच वापरावी. मागचे झाकण उघडून कागद सरळ बाहेर घेता येत असेल तर अधिकच उत्तम. दोन्ही बाजूंना आपोआप छापण्याची सोय मात्र बंद ठेवावी, कारण तीत कागद दोनदा वळतो. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस कन्नड अक्षर हवे असल्यास एक बाजू पूर्ण छापून, निववून वा वाळवून, मगच कागद हाताने उलटून घालावा.

मापाबाबत एक चूक वारंवार आढळते. संगणकात पुष्कळदा ‘लेटर’ हे अमेरिकन माप आधीच निवडलेले असते. त्याची उंची २७९ मिलिमीटर, तर ए-४ ची २९७. या अठरा मिलिमीटरांच्या फरकामुळे मजकूर सरकतो आणि पुढची व मागची चौकट जुळत नाही. संगणकावर आणि यंत्राच्या पडद्यावर अशा दोन्ही ठिकाणी ए-४ असल्याची खात्री करावी. प्रमाण शंभर टक्के ठेवावे, म्हणजे आज छापलेले कार्ड पुढील वर्षी छापलेल्या कार्डाशी जुळेल.

या भागातील हवामान व वीज यांचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली कार्डशीट ओलावा शोषून वाकते व अडकते, तेव्हा उरलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आडवा ठेवावा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कागद एकमेकांस चिकटून दोन-दोन ओढले जातात, म्हणून ते घालण्यापूर्वी पत्त्यांप्रमाणे फुलवून घ्यावेत. लेझर यंत्राचा तापणारा रूळ एकदम मोठा भार घेतो. ते संगणकाच्या लहान यूपीएसला जोडू नये. छपाई चालू असताना वीज गेली तर अर्धा आत राहिलेला कागद लगेच ओढू नये. रूळ निवू द्यावा, मग झाकण उघडून कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश काढावा.

छापून झालेली कार्डे लॅमिनेशन करावयाची असल्यास इंकजेटची शाई रात्रभर वाळू द्यावी. कापताना कार्डे आधी वेगळी करून मग पाकिटात घालावीत व कडेला प्लास्टिकची तीन-चार मिलिमीटर पट्टी राखावी. ती राखली नाही तर मुलांच्या ओल्या हातांतील पाणी कडेतून आत शिरते आणि कार्ड पहिल्याच सत्रात फुगते.