शेजाऱ्याचा कुत्रा आणि आमची झोप



मिस्सा संपल्यावर आवारात जी गाऱ्हाणी कानावर येतात त्यांत एक नेहमीचे आहे : शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर झोपू देत नाही. घरात दहावीचा मुलगा, आजारी आई, पहाटे सोलापूरची एस.टी. धरायची, आणि भिंतीपलीकडे भुंकणे चालूच. हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या मंद्रूपला उन्हाळ्यात माणसे गच्चीवर नाहीतर अंगणात झोपतात, मग आवाजाला आडोसा कसला?

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता भिंतीजवळ उभे राहून आम्ही शेजाऱ्यांना नको ते बोललो. सगळी गल्ली जागी झाली. कुत्रा गप्प बसला नाहीच, आमच्या ओरडण्याने त्याला उलट चेव आला. पुढे चार महिने बोलणे बंद. त्याच काळात त्यांच्या घरी मयत झाली आणि आम्हाला त्यांच्या दारात जायलाही पाय उचलेना. कुत्र्याने झोप नेली होती, शेजार मात्र आम्हीच घालवला होता.

शेवटी एका सकाळी गेलो. म्हटले, "अण्णा, त्या रात्री आमचं चुकलं." ते म्हणाले, "अहो, झोप आम्हाला तरी कुठं लागते? शेळी चोरीला गेल्यापासून त्याला रस्त्याकडं बांधलाय." विजापूर रस्त्यावरून ट्रक गेला, कोणी सायकलवरून गेले, की तो भुंकायचा. दिवसभर आखूड साखळीत, रात्रीही तिथेच. आठवडाभरात त्यांनी त्याला घराच्या मागच्या बाजूला हलवले आणि संध्याकाळी शेतापर्यंत फिरवून आणू लागले. भुंकणे पूर्ण थांबले नाही, पण झोप मिळू लागली.

राखण करणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. त्याला माणसापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात. परंतु तासन्‌तास एकसारखे भुंकण्यामागे बहुधा एकटेपणा, भीती, भूक किंवा दुखणे असते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी तीन-चार रात्री वेळ लिहून ठेवावी : किती वाजता सुरू होते, काय झाल्यावर होते. "तुमचा कुत्रा सारखा भुंकतो" या बोलण्याने भांडण होते. "साडेअकराला दूध-गाडी आली की सुरू होतो" म्हटले की दोघे मिळून उपाय शोधता येतो. जावे दिवसा, एकट्याने, बायका-मुलांसमोर पाणउतारा न करता.

मत्तयच्या शुभवर्तमानातील १८ व्या अध्यायाचा क्रम इथेही लागू पडतो. आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तीही अशाच तंट्यांसाठी. गावातील समिती बसत असेल तर तिथे, नाहीतर ग्रामपंचायतीत गोष्ट न्यावी. पोलीस ठाणे त्यानंतर. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते, तेव्हा त्या वेळेतील त्रास नोंदवून ठेवलेला बरा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड साखळीत ठेवणे, नेहमी बांधून ठेवलेल्याला फिरवायला न नेणे हाही गुन्हा आहे. पण हे वाक्य शेजाऱ्याच्या तोंडावर फेकण्याआधी आमची गोष्ट आठवावी.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक बोलायला हवे. "भाकरीत काहीतरी घालून टाकू" असे बोलणे आम्ही ऐकले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालून मारणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती भाकरी कोणाची कोंबडी, कोणाची शेळी किंवा रांगते मूलही उचलू शकते. शिवाय बाळ्याच्या खंडोबाला जाणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांच्या घरी कुत्र्याला देवाच्या सोबत्याचा मान असतो. तो मेला तर त्यांच्या मनाला काय लागेल याचा विचार करावा.

कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा झाला, लाळ गळू लागली, तो उगीच अंगावर येऊ लागला, तर प्रकरण वेगळे. रेबीजची शंका धरून मुलांना दूर ठेवावे, ग्रामपंचायतीला व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावू नये.

आपल्यातही कुत्रे पाळणारे आहेत. दरवर्षी लस टोचून घ्या. लग्नकार्याला दोन दिवस बाहेर जाताना त्याला बांधून, भाकरीचा ढीग टाकून जाऊ नका. शेजारच्या वहिनींना सांगून जा, आणि परत आल्यावर रात्री फार भुंकला का, हे आपणहून विचारा.