शस्त्र परवाना : नागरिकाचा हक्क आणि समाजाची सुरक्षितता

शिर्डी येथे ३ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे कामावर निघालेल्या श्री साईबाबा संस्थानच्या दोन कर्मचाऱ्यांचा चाकूहल्ल्यात मृत्यू झाला. रात्रंदिवस भाविकांची वर्दळ असणाऱ्या गावात असा प्रसंग घडल्यावर 'स्वसंरक्षणार्थ जवळ शस्त्र बाळगावे काय?' हा विचार कोणाच्याही मनात यावा, हे स्वाभाविकच होय. कायद्याची यासंबंधीची भूमिका मात्र अनेकांना ठाऊक नसते.

ब्रिटिश राजवटीने १८७८ च्या कायद्याने भारतीयांना जवळजवळ निःशस्त्र केले. याची सल राष्ट्रीय चळवळीच्या मनात खोलवर होती. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश केला. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामथ यांनी हा मुद्दा पुन्हा मांडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो स्वीकारला नाही. परिणामी अनुच्छेद १९ मध्ये हक्क आहे तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही.

मग परवाना ही केवळ सरकारची मेहेरबानी ठरते काय? तसेही नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये जिल्हा दंडाधिकारी पोलिसांचा अहवाल मागवून अर्जावर निर्णय देतात. परवाना नाकारल्यास त्याची कारणे सामान्यतः लेखी नोंदवावी लागतात व त्याविरुद्ध अपील करता येते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, ही तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. बंदूक ही धनिकांची मिरास समजणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. पिकांच्या रक्षणासाठी तोंडाने ठासायच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याचाही कायद्याने स्वतंत्र विचार केला आहे.

दुसऱ्या बाजूने बंधनेही वाढत गेली. १९८३ मध्ये एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे, अशी मर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. वरातीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शिर्डीच्या घटनेत वापर झाला तो चाकूचा. धारदार हत्यारांच्या बाबतीत शस्त्र नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा विचार करतात. मात्र घरगुती, शेतीच्या वा उद्योगधंद्याच्या कामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. राहाता, कोपरगावच्या ऊसपट्ट्यात हा अपवाद नसता, तर तोडणी कामगाराच्या हातातील कोयताच गुन्हा ठरला असता! तोच कोयता दहशत माजविण्यासाठी बाहेर निघाला, की प्रश्न बदलतो. गर्दी-उत्सवाच्या काळात जिल्हा दंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठराविक मुदतीसाठी सोटे, तलवारी, भाले घेऊन फिरण्यास मनाई करू शकतात, ते याचकरिता.

निवडणुकीच्या वेळी छाननी समिती प्रत्येक परवानाधारकाची पार्श्वभूमी तपासते आणि जामिनावर सुटलेल्या, गुन्ह्यांची नोंद असलेल्या किंवा पूर्वी दंगलीत सामील झालेल्या व्यक्तींची शस्त्रे जमा करण्याचा विचार करते. सरसकट सर्वांना एकाच मापाने मोजण्यापेक्षा ही रीत न्याय्य होय.

परवानाधारक वडिलांच्या निधनानंतर त्यांची बंदूक आठवण म्हणून घरातच ठेवणारे वारस अनेकदा अडचणीत येतात. परवाना वारसाहक्काने मिळत नसतो. असे शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे नवा अर्ज करावयाचा असतो.