सुधारणेची जपानी वाट

बीड जिल्हा हा कमी पावसाचा प्रदेश. मृगाच्या सरी कोसळून जमिनीत ओल शिरली, की पेरणीस थोडेच दिवस मिळतात. ती ओल उडाली म्हणजे हंगाम हातचा जातो. अशा ऐन वेळी ट्रॅक्टर बंद पडला, तर शेतकऱ्याने काय करावे? दूरच्या कारखान्यात सैल राहिलेला एखादा बोल्ट येथे एका कुटुंबाच्या वर्षाच्या भाकरीवर घाला घालतो. निर्दोष वस्तूचे मोल तेव्हा कळते.

जपानी लोकांनी हे मोल पुरते ओळखले. त्यांच्या भाषेत ‘कायझेन’ असा शब्द आहे. ‘काय’ म्हणजे बदल आणि ‘झेन’ म्हणजे चांगला. आपल्या कामात रोज थोडी थोडी सुधारणा करावी, आणि ती मालकापासून मजुरापर्यंत सर्वांनी करावी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

या वृत्तीचे उत्तम उदाहरण म्हणजे साकिची तोयोदा. 1867 साली जन्मलेले हे गृहस्थ सुताराचे पुत्र. 1890 साली त्यांनी एक सुधारलेला लाकडी हातमाग तयार केला. परंतु तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. एकेक उणीव दूर करीत 1924 साली त्यांनी स्वयंचलित माग सिद्ध केला. धागा तुटताच तो आपोआप थांबे; त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे. त्यांच्या पुत्राने स्थापिलेल्या टोयोटा मोटार कारखान्यातही हेच तत्त्व रुजले. दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार तेथे साध्या कामगारासही मिळाला. 1951 पासून कामगारांच्या सूचना मागविण्याची पद्धतही तेथे सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धात जपानचे उद्योग उद्ध्वस्त झाले होते. 1950 साली डेमिंग या अमेरिकन तज्ज्ञाने तेथे व्याख्याने दिली. वस्तू तयार झाल्यावर दोष हुडकीत बसण्यापेक्षा दोष उद्भवणारच नाही अशी कामाची रीत बसवावी, असे त्यांचे सांगणे होते. जपानने ते मनावर घेतले व 1951 साली त्यांच्या नावे पारितोषिक सुरू केले. महाराष्ट्रात कांदिवली व नागपूर येथे ट्रॅक्टर बनविणाऱ्या महिंद्र कंपनीच्या शेती अवजार विभागाने 2003 साली ते पारितोषिक मिळविले. हा मान मिळविणारी ती जगातील पहिली ट्रॅक्टर कंपनी होय.

या यशाचे मर्म कशात आहे? यंत्राची कुरकुर प्रथम ऐकू येते ती त्यावर काम करणाऱ्याला. पण बोलल्यास दंड होईल, अशी धास्ती असेल तर तो गप्प बसतो, आणि दोष मुकाट्याने शेतापर्यंत पोहोचतो. म्हणून ‘चूक कोणाची?’ असे दरडावण्याआधी ‘चूक कोठे व कशी झाली?’ असे शांतपणे विचारावे लागते. जेथे लहानाचा शब्द ऐकला जातो, तेथेच सुधारणा घडते.

थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण तळ्याची गळती ज्याला प्रथम दिसते, त्याने ती सांगितली पाहिजे आणि इतरांनी ती ऐकली पाहिजे.

स्वाध्याय
1. धागा तुटताच माग थांबण्याचा लाभ कोणता?
2. कामगार दोष सांगण्यास केव्हा कचरतो?
3. तुमच्या वर्गात करता येईल अशी एक लहान सुधारणा पाच ओळींत लिहा.