हाताने पॉलिश करून गाडीवरचे स्वर्ल मार्क्स काढणे : काम शिका, मर्यादा ओळखा, मगच भाव सांगा



कार डिटेलिंगचा व्यवसाय कमी भांडवलात सुरू करता येतो, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्यातलं एकच काम नीट समजून घेऊ : मशीन न वापरता, हाताने पॉलिश करून पेंटवरचे स्वर्ल मार्क्स काढणे. या कामात चूक झाली तर ती पुसता येत नाही. पेंटवरचा थर एकदा गेला की गेला. म्हणून 'कसं करायचं' याच्या इतकंच 'कुठे थांबायचं' हे महत्त्वाचं आहे. ज्याला थांबायची जागा कळते, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येतं.

स्वर्ल मार्क म्हणजे नेमकं काय?

काळी किंवा गडद रंगाची गाडी उन्हात उभी असली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, तेच हे. गंमत म्हणजे हे ओरखडे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले अगदी बारीक ओरखडे असतात. उजेडाला आडवे असलेलेच तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर फिरवून बघा, जाळंही टॉर्चबरोबर सरकेल. हा छोटा प्रयोग गिऱ्हाइकासमोर करा. त्याला पटतं की समोरच्या माणसाला काम कळतं.

हे ओरखडे येतात कुठून? आपल्याकडे मुख्य कारण म्हणजे रोज सकाळचा फडका. एक बादली, एक कापड आणि ओळीने वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर घासली जाते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते पेंटपेक्षा कडक असतात.

पेंटचे थर समजून घ्या

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर असे थर असतात : गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे तुम्ही ज्या थरावर काम करणार, तो केसापेक्षाही पातळ आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. पॉलिश ओरखडा 'भरत' नाही. पॉलिशमधले बारीक कण ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणतात. सगळं एका पातळीवर आलं की ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये गिऱ्हाइकाच्या गाडीचा थोडा थर खर्च होतो. ही त्याची शिल्लक आहे, आपण जपूनच वापरायची.

हाताने काय होतं, काय होत नाही?

ओरखड्यावरून नख हळूच आडवं फिरवा.

नख अडकलं नाही, तर हाताने काम होऊ शकतं. हलके स्वर्ल बऱ्यापैकी जातात, मध्यम स्वर्ल कमी दिसतात.

नख अडकलं, तर तो खोल ओरखडा आहे. हाताने जाणार नाही. जोर लावून घासत बसू नका.

काही ठिकाणी कामच घ्यायचं नाही : मॅट फिनिशची गाडी, रॅप केलेली गाडी, आणि जिथे क्लिअर कोट सोलून पांढरट चट्टे पडले आहेत असा पॅनल. गाडी आधी रिपेंट झाली आहे का, हेही विचारा. रिपेंटचा थर कसा आणि किती असेल, याचा भरवसा नसतो.

कामाचा क्रम

१. गाडी सावलीत घ्या. पत्र्याला हात लावून बघा, गरम लागला तर थांबा. गरम पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं.

२. दोन बादल्यांनी धुवा, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. धूळ आधी पाण्याच्या धारेने उतरवा.

३. धुतलेल्या पेंटवरून हात फिरवा. खरखरीत लागलं तर क्ले बार फिरवा, पण भरपूर ओलाव्यावर. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या. शंभर रुपये वाचवायला जाऊन बॉनेट खराब कराल.

४. रबर आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा. तिथे लागलेलं पॉलिश पांढरं दिसतं आणि सहज निघत नाही.

५. आता टेस्ट स्पॉट. बॉनेटवर एक फूट बाय एक फूट चौकोन टेपने आखा. सुरुवात सगळ्यात सौम्य फिनिशिंग पॉलिशने करा. त्याने भागलं नाही तरच पुढच्या दर्जाचं घ्या. दुकानात पहिल्यांदा हातात दिलं जाणारं रबिंग कंपाउंड सुरुवातीला वापरायचं नाही.

६. फोमच्या ॲप्लिकेटरवर मटारएवढे तीन-चार थेंब घ्या. तळहात सपाट ठेवा. बोटांच्या टोकांनी दाबलं तर दाब एकसारखा पडत नाही. आधी आडवे, मग उभे, सरळ आणि एकमेकांवर थोडे चढणारे हात मारा. दाब मध्यम. गोल गोल फिरवू नका.

७. पॉलिश पूर्ण वाळायच्या आत स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. कापडाची घडी सतत बदला.

८. मग खरी परीक्षा. एक भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि चार भाग पाणी असं मिश्रण फवारून पुसा. (हे ज्वलनशील आहे, जवळ विडी-सिगरेट, आग नको.) पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून तो लपवतं. तेल गेल्यावर जे दिसतं, तेच तुमचं काम.

९. टेस्ट स्पॉट पास झाला तर त्याच पद्धतीने दीड बाय दीड फुटांचे भाग करत पुढे जा. पॅनलच्या कडा आणि बॉडी लाइनवर दाब एकदम कमी करा, तिथे थर पातळ असतो.

१०. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा : ॲप्लिकेटरवर गाडीचा रंग उतरायला लागला तर लगेच थांबा. जुन्या साध्या पेंटवर, म्हणजे क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर, थोडा रंग येणारच. पण क्लिअर कोटच्या गाडीवर रंग आला, याचा अर्थ वरचा थर संपला.

'लपवणं' आणि 'काढणं'

बाजारात ग्लेझ आणि फिलर असलेली पॉलिश मिळतात. ती ओरखडे भरतात, गाडी तासाभरात आरशासारखी दिसते. वापरणं गैर नाही, पण 'ओरखडे काढले' असं सांगून पैसे घेणं गैर आहे. काही धुण्यांनंतर जाळं परत दिसतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव निघतं. ग्लेझ लावणार असाल तर स्पष्ट सांगा : "काका, हे तात्पुरतं आहे, लग्नापुरती गाडी चमकेल."

भाव कसा काढायचा?

इथे बरेच नवीन उद्योजक अडकतात. समोरचा ९९९ रुपयांत पूर्ण गाडी करतो म्हणून आपणही करतो म्हणतात. वही काढा आणि हिशोब करा. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही भरा.

समजा गाडीचे १३ पॅनल धरले : बॉनेट, छत, डिकी, चार दरवाजे, पुढचे-मागचे चार फेंडर, दोन बंपर. हाताने सरासरी ४० मिनिटं धरली तर ५२० मिनिटं, म्हणजे ८ तास ४० मिनिटं. धुणं, क्ले, टेप यांचे अडीच तास. वॅक्सची ५० मिनिटं. झाले १२ तास. स्वतःच्या मेहनतीचे तासाला १५० रुपये धरले तर १,८०० रुपये. साहित्य ३५०, येणं-जाणं १००. एकूण खर्च २,२५० रुपये, नफा अजून धरलाच नाही. मग ९९९ मध्ये एक तर तुम्ही घरून पैसे घालता, नाही तर फिलर मारता.

म्हणून सुरुवातीला पूर्ण गाडी विकू नका, पॅनल विका. एकट्या बॉनेटला धुण्यापासून वॅक्सपर्यंत १३० मिनिटं धरा : मेहनत ३२५, साहित्य ८०, प्रवास ५०, एकूण ४५५. त्यावर २५ टक्के नफा लावला की साधारण ५७०. भाव सांगा ६०० रुपये. गिऱ्हाइकाला जोखीम कमी वाटते, तुमचा हात बसतो, आणि चमकणारं बॉनेट शेजारच्या दरवाजाची जाहिरात स्वतःच करतं. पूर्ण गाडीच्या ऑर्डर नियमित यायला लागल्या की ड्युअल ॲक्शन मशीनचा विचार करा, आधी नाही.

गिऱ्हाइकाशी बोलताना

टेस्ट स्पॉट झाल्यावर गिऱ्हाइकाला बोलवा आणि म्हणा : "काका, हा चौकोन बघा आणि बाजूचा भाग बघा. हाताने एवढाच फरक पडेल. हे दोन ओरखडे खोल आहेत, ते राहतील. चालत असेल तरच पुढे जातो." त्याचा होकार आणि आधीचे फोटो व्हॉट्सॲपवर घ्या. काही गिऱ्हाइकं नको म्हणतील. जाऊ द्या. जी हो म्हणतील, ती नंतर भांडणार नाहीत.

शेवटचा मुद्दा गाडी पुसणाऱ्या दादांचा. काम झालं आणि दुसऱ्या दिवशी तोच धुळीचा फडका फिरला तर महिनाभरात जाळं परत, आणि दोष तुमच्यावर. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाकडून दोन चांगली मायक्रोफायबर कापडं त्यांना द्यायला सांगा. धुळीवर कोरडं कापड मारायचं नाही, आधी पाणी सोडायचं, हे समजावा. सोसायटीतली प्रत्येक गाडी त्यांना माहीत असते. त्यांनी काम आणून दिलं तर ठरलेला मोबदला वेळेवर द्या. तुमचा पहिला मार्केटिंग पार्टनर तिथेच उभा आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारवाल्याकडून किंवा गॅरेजमधून गडद रंगाचा एक जुना दरवाजा आणा. टेपने चार चौकोन करा. एकात फक्त ग्लेझ, दुसऱ्यात फिनिशिंग पॉलिश, तिसऱ्यात एक दर्जा वरचं पॉलिश, चौथा तसाच ठेवा. अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून टॉर्चखाली बघा. प्रत्येक चौकोनाला लागलेली मिनिटं वहीत लिहा. ती मिनिटं हाच तुमच्या रेट कार्डचा पाया. दरवाजावर हात बसेपर्यंत गिऱ्हाइकाच्या गाडीला पॉलिश लावायचं नाही, एवढं पाळा.

तुमच्या चार चौकोनांचा अनुभव कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!