कॅनव्हासला हात लावण्याआधी



आजचा विषय जरा वेगळा आहे : तैलरंगातलं मोठं निसर्गचित्र आणि त्याआधीची तयारी.

गेल्या वर्षी मी तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास आणला. आईला तिच्या माहेरचा नदीकाठ रंगवून द्यायचा होता. तिथलं घर आता विकलंय. उत्साहाच्या भरात मी थेट आभाळ रंगवायला घेतलं. अर्ध्यातच कालवलेला निळा संपला, दुसऱ्यांदा कालवलेला जुळेना. आभाळाला ठिगळ लागलं. झाडं इतकी मोठी झाली की नदीला जागाच उरली नाही. टेस्टिंग न करता कोड थेट प्रोडक्शनवर टाकला की जे होतं, तेच!

मग मी जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराबद्दल वाचलं. त्याचं 'द हे वेन' हे 1821 मधलं चित्र साधारण सव्वाचार फूट उंच आणि सहा फूट रुंद आहे. त्यात सफक परगण्यातली, त्याच्या वडिलांच्या गिरणीजवळची नदी आहे. पण चित्र रंगवलं लंडनच्या स्टुडिओत. गाव लांब, म्हणून त्याने आधी नदीकाठी बसून केलेली छोटी तैलचित्रं समोर ठेवली. गवताच्या गाडीची नीट आठवण हवी होती, तर गावाकडून तिचं रेखाटन मागवलं. आणि खऱ्या चित्राआधी त्याच मापाचा एक अख्खा कच्चा खर्डा तैलरंगातच केला! त्या खर्ड्यात काठावर घोडेस्वार आहे, पूर्ण झालेल्या चित्रात तो नाही.

एवढ्या मोठ्या कामाचा खर्डा करायचा म्हणजे वेळ वाया घालवणं, असं आपल्याला वाटतं. पण मला यातून एकच गोष्ट कळली : तयारी म्हणजे कामाआधीचा उशीर नव्हे. चूक जिथे स्वस्तात सुधारता येते, ती जागा म्हणजे तयारी.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? मी आता हे करतो :

1. आधी पोस्टकार्डाएवढी चार-पाच चित्रं, फक्त काळा, पांढरा आणि करडा वापरून. उजेड कुठे, सावली कुठे, एवढंच ठरवायचं.

2. मग 9 बाय 12 इंचांचं रंगीत चित्र. त्यावर 3 इंचांचे चौकोन आखायचे, कॅनव्हासवर 12 इंचांचे. दोन्हीकडे बाराच चौकोन येतात, म्हणून प्रमाण बिघडत नाही.

3. कापडावर प्रायमरचे दोन-तीन हात. तेल थेट कापडात मुरलं तर कापड हळूहळू कुजतं. प्रायमर वाळला की गेरूसारख्या रंगाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे कोऱ्या पांढऱ्याची भीती जाते.

4. आभाळाचा रंग एकदाच, लागेल त्यापेक्षा जास्त कालवायचा. (हे मी ठेच लागून शिकलो!)

5. पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ, तेलाचं प्रमाण वरच्या थरांत वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

6. दर थोड्या वेळाने आठ-दहा पावलं मागे जाऊन बघायचं. हातभर अंतरावरून चित्र दिसत नाही, ब्रशच दिसतो.

मागच्या रविवारी ते छोटं रंगीत चित्र आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, चिंच या बाजूला नव्हती. घाटाच्या पायऱ्यांपाशी होती. आम्ही तिच्याखाली धुणं ठेवायचो."

चिंच हलवायला मला दहा मिनिटं लागली. मोठ्या कॅनव्हासवर ती चुकली असती, तर आई कदाचित काही बोललीच नसती.

मोठा कॅनव्हास अजून कोराच आहे. पण काम सुरू झालंय.

तुमचंही एखादं मोठं काम कोऱ्या कॅनव्हाससारखं समोर उभं असेल, तर आज त्याचा हातात मावेल एवढा खर्डा करा. आणि ज्याला ती जागा माहीत आहे, त्याला दाखवा.

उद्या भेटूच.