मूर्ती कुणाची, घडवणारा कोण?

नैरोबीत नोकरीनिमित्त राहू लागल्यापासून लोक माझ्यापुढे लाकडी मूर्ती, मुखवटे, दगडी हत्ती आणून ठेवतात आणि विचारतात, "ही कुठल्या जमातीची?" वस्तू जिथे विकत घेतली तिथलीच, हे गृहीत धरून विचारलेला हा प्रश्न असतो. फसगत नेमकी तिथेच होते.

एका परिचित कुटुंबाला दुकानदारानं भालाधारी योद्ध्याची मूर्ती "जुनं, मसाई लोकांनी घडवलेलं एबनी" (काळं, जड लाकूड) म्हणून भरपूर पैसे घेऊन विकली होती. ओला पांढरा रुमाल फिरवला, तर तो काळा झाला. तळाला चिकटवलेलं कापड सोडवलं, तर आत फिकट, हलकं लाकूड. शिवाय मसाई हा त्या मूर्तीचा विषय होता, कारागीर नव्हे. मसाईंची ओळख मणीकामाची. केनियातलं बाजारी कोरीवकाम मुख्यतः कांबा लोकांचं. पहिल्या महायुद्धात आजच्या टांझानियात गेलेले मुतिस्या मुंगे तिथल्या कारागिरांकडून ही कला शिकले आणि आपल्या वामुन्यू गावी त्यांनी ती रुजवली. आज कांबा कारागीर कडुनिंब आणि आंब्याचं लाकूडही कोरतात. ते काम चांगलंच असतं. फक्त ते त्यांच्या नावानं विकलं जावं.

म्हणून आधी वस्तू उचलून पाहा. एबनी म्हणून इथे जे विकतात ते बहुधा म्पिंगो असतं, आपल्या शिसवाच्याच वंशातलं झाड. त्याचा गाभा इतका जड, की तुकडा पाण्यात बुडतो. सालीलगतचा भाग पिवळट असतो आणि काही कारागीर तो पट्टा मुद्दाम राखतात. एकाच ओंडक्यात एकमेकांच्या खांद्यावर चढलेली माणसं कोरलेली दिसली, तर ती 'उजामा' शैली. ती माकोंडे कारागिरांची. त्यांचा मूळ मुलूख मोझांबिकच्या उत्तर भागात आणि टांझानियाच्या दक्षिण भागात. ही शैली बहरली ती दार-एस-सलामच्या परिसरात.

दगडाचंही तसंच. नखानं ओरखडा उठला, तर तो संगजिरा. तो गुलाबी, पांढरट किंवा रंगवून नक्षी कोरलेला असेल, तर बहुधा पश्चिम केनियातल्या टबाका गावचा. तिथे साधारणपणे पुरुष कोरतात आणि बायका पाणी लावून घासतात. ओरखडा न उठणारा, गडद, मेण लावून चकाकवलेला दगड असेल, तर झिंबाब्वेचं सर्पेंटाइन असण्याची शक्यता मोठी. तळाशी शिल्पकाराची सही शोधा.

"शंभर वर्षांचा मुखवटा" असं कुणी म्हणालं, की मुखवटा उलटा करा. खरोखर घातलेल्या मुखवट्याची आतली कड कपाळ आणि नाक टेकून गुळगुळीत होते, दोरीची भोकं झिजतात. धूर, माती आणि वाळवीची भोकं मात्र मुद्दामही आणता येतात.

आणि वस्तू खरंच जुनी निघाली, तर अधिकच जपून. केनियाच्या किनाऱ्यावरचे मिजिकेंडा लोक मृतांच्या स्मरणार्थ किगांगो नावाचे कोरीव खांब उभारतात. असे कित्येक खांब चोरीला जाऊन परदेशी संग्रहांत पोचले. १९८५ मध्ये एका कुटुंबाचे चोरलेले दोन खांब अमेरिकेतल्या संग्रहालयांतून २००७ मध्ये घरी परतले. किगांगो कुणाच्या तरी घरचा पितर असतो. दिवाणखान्याची शोभा म्हणून तो कुणीही विकत घेऊ नये.

शक्य असेल तिथे कारागिराच्या हातूनच घ्या. त्याचं नाव, गाव, लाकूड किंवा दगड आणि वर्ष विचारून चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी तळाशी चिकटवा, पावती जपा. जमातीच्या नावावर माल विकला जातो, पण घाम एका माणसानं गाळलेला असतो. चिठ्ठीवर पहिलं नाव त्याचं असू द्या.