आधी आकडेमोड, मग तोडफोड

अगं, जुना फ्लॅट घ्यायचा, नीट करायचा आणि विकायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. पुण्यात पंचवीस-तीस वर्षांच्या सोसायट्यांमध्ये असे टू बीएचके निघत असतात. खोल्या ऐसपैस, वस्ती चांगली, आतून मात्र थकलेले. पण टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी माझं थोडं ऐक.

हिशेब शेवटाकडून मांड. त्याच सोसायटीत नीट केलेलं घर खरोखर कितीला गेलं? जाहिरातीतला आकडा सोड, नोंदणी झालेल्या व्यवहाराचा इंडेक्स टू बघ. त्यातून एकेक वजा करत ये. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क फार तर २५ हजार, दोन्ही वेळची दलाली, कर्जाचं व्याज, घर विकेपर्यंतचा मेंटेनन्स. दस्त फक्त तुझ्या नावावर केलास तर शुल्क एक टक्का कमी लागेल. ही सवलत घेतली की पंधरा वर्षं पुरुषाला घर विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये गेली, म्हणून आता ही सवलत तुझ्या कामाची आहे. चोवीस महिन्यांच्या आत विकलंस तर नफा तुझ्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. म्हणून प्रत्येक कामाचं पक्कं बिल जपून ठेव.

घर बघायला भर पावसात जा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून त्यांच्या बाथरूमचं छत बघ. तिथे पोपडे असतील तर तुझ्या घराची गळती तिथेच कळेल. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माग. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. हॉल मोठा करायच्या नादात कॉलम-बीमला हात लावायचा नाही, आणि बाथरूम सरकवून कुणाच्या बेडरूमवर आणायचं नाही.

पैसा आधी न दिसणाऱ्या कामात घाल. गंजलेले जीआय पाइप बदल. वायरिंग नवं कर, गीझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन दे. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममध्ये दोन दिवस पाणी तुंबवून ठेव आणि खाली जाऊन बघ. त्यानंतरच फरशी, मग ओटा, सुतारकाम, शेवटी रंग. हा क्रम मोडला की केलेलं काम पुन्हा फोडावं लागतं.

ठेकेदाराकडून कामवार कोटेशन घे. मटेरियल कुणाचं, कंपनी कोणती, राडारोडा कोण उचलणार, सगळं लिहून. पैसे टप्प्याटप्प्याने दे आणि शेवटचा हप्ता किरकोळ कामं संपेपर्यंत हातात ठेव. अंदाजाच्या वर पंधरा टक्के रक्कम बाजूला असू दे. जुनी भिंत उघडली की काहीतरी निघतंच.

भिंती बुजवण्याआधी पाइप आणि वायरींचे फोटो काढ आणि विकताना ते घेणाऱ्याला दे. तो त्यात आयुष्याची कमाई घालणार आहे. ओल रंगाखाली दडवून कमावलेला पैसा आपल्याला नको.

आणि सगळं मांडूनही आकडा जमत नसेल, तर ते घर सोडून दे. दुसरं मिळेल.